जाळीतली लाल रेघ

“सर, ज्योत्स्नाताईच्या तोंडाला बॉल लागला, तेव्हा तिनं मास्क घातलेला होता का?”

विचारून टाकलं एकदाचं! माझ्या मागं लिंबाखाली आमच्या सगळ्या पोरी हसू दाबत बसल्या होत्या. पैज कावेरीनं लावली होती. पाणी प्यायला थांबलो तेव्हा ती म्हणाली, “दैवा, लय दमाची झालीस ना आता? मंग एवढं सरांना विचारून दाखव. आमच्याच्यानं तर होत न्हाई.” मी बाटली तिच्या हातात दिली आणि सरळ मैदानाच्या मधोमध चालत गेले.

मी म्हणजे दैवशाला. नाव आजीचं ठेवलंय. हजेरी घेताना नव्या मॅडम आधी दाराकडं बघतात, कुणी म्हातारी आली का म्हणून. गेल्या वर्षी त्याच हजेरीला ‘हजर’ म्हणताना माझा आवाज बाकाखाली पडायचा. आता मी नववीत आहे, मुलींच्या सॉफ्टबॉल टीमची कॅचर आहे, आणि माझी हाक पार एसटीच्या थांब्यापर्यंत ऐकू जाते. कॅचरला ओरडावंच लागतं. क्रिकेटमधल्या विकेटकीपरसारखं काम, फक्त बॅट घेतलेल्या पोरीच्या अगदी पाठीशी उकिडवं बसायचं आणि पिचरनं फेकलेला बॉल पकडायचा. सगळं मैदान माझ्यासमोर. कोण कुठं झोपलंय ते मला दिसतं, म्हणून मी ओरडते. बॉल मोठ्या मोसंबीएवढा असतो. मोसंबीएवढा मऊ मात्र नसतो.

उफाडे सर पांढऱ्या फक्कीनं रेघा आखत होते. माझा प्रश्न ऐकून ते जागेवर थांबले. हातातल्या डब्यातून फक्की एकाच ठिकाणी पडत राहिली, छोटासा ढीग झाला, तरी त्यांचं लक्ष नव्हतं.

“कुणी विचारायला सांगितलं?”

“कुणी न्हाई सर. मीच विचारून राह्यले.”

“नव्हता घातला. घाम पुसायला वर सरकवला होता आन तेवढ्यात बॉल आला. तिची चूक. सगळ्या शाळेला माहीत आहे हे.” मग त्यांनी डबा खाली ठेवला. “तुला भीती वाटती का?”

“बिलकुल न्हाई सर.”

“वाटत असंल तर आत्ताच सांग. बुधवारी जालन्याला मॅच आहे, ऐनवेळी रडारड नको. तृप्ती आहे तयार.”

असं म्हणून त्यांनी तृप्तीला हाक मारली. तृप्ती आठवीत आहे, आमची राखीव कॅचर. वजन किती असेल? दप्तर धरून तीस किलो. सरांनी माझ्या काखेतला मास्क घेऊन तिच्या डोक्यावर ठेवला. मास्क गरकन फिरला आणि जाळी तिच्या कानावर आली. सगळ्या खदखदून हसल्या. तृप्ती पण आतून हसली, “दैवाताई, मला काहीच दिसून न्हाई राह्यलं!”

मी पण हसले. पैज जिंकले होते ना! पण परत लिंबाखाली येताना एक गोष्ट माझ्या डोक्यातून हलेना. ‘तिची चूक’ म्हणताना सर माझ्याकडं बघत नव्हते. मास्ककडं बघत होते.

कॅचरचं सामान म्हणजे चार गोष्टी. हातात मोठा चामडी ग्लोव्ह, छातीला फोमचं चिलखत, नडगीला गार्ड आणि तोंडाला मास्क. मास्क म्हणजे पुढं लोखंडी सळ्यांची जाळी, आत गादी, मागं पट्टे. आमचं सगळं सामान मुलांच्या टीमचं उतरलेलं. चिलखत माझ्या गुडघ्यापर्यंत येतं. नडगीच्या गार्डचे पट्टे तुटलेत, त्याला मी सायकलची ट्यूब कापून बांधलीय. मास्क ढिला होतो म्हणून कपाळावर रुमालाची घडी ठेवते. सर वाईट नाहीत हं. आमच्या गावात मुलींची टीम त्यांनीच काढली, घरोघरी जाऊन बापांच्या पाया पडायचं तेवढं बाकी ठेवलं होतं. नवं सामान मागितलंय, येईल, असं ते म्हणतात. मी शाळेत आल्यापासून ते येतंच आहे.

त्या दिवशी पाण्याच्या सुट्टीनंतर परत खेळ सुरू झाला. कावेरीनं बॉल फेकला, समोरच्या पोरीची बॅट नुसती घासली, आणि बॉल वाट बदलून थेट माझ्या तोंडावर आला. कॅचरला ह्याचीच भीती. पूर्ण हुकलेला बॉल सरळ येतो, हातात बसतो. घासलेला कुठं जाईल ते त्यालाच माहीत नसतं, आणि डोळे मिटायलाही वेळ देत नाही.

मास्कवर बसला. मला काही झालं नाही. पण आवाज! नेहमी ‘टण्ण’ वाजायचं, कानात घुमायचं. आज ‘टच्च’ वाजलं.

उन्हाळ्यात मम्मी माठ घ्यायला जाते तेव्हा बोटाच्या पेरानं प्रत्येक माठ वाजवून बघते. खणखणीत वाजला तर चांगला. बद्द वाजला की ती पुढं सरकते. कुंभारीण म्हणते, “अवं बाई, कुठं चीर दिसती का बघा ना!” मम्मी म्हणते, “दिसत न्हाई, ऐकू येती.”

मला ऐकू आली होती.

उरलेला खेळ मी मान तिरकी करून खेळले. तीन बॉल सोडले. कावेरी लांबून ओरडली, “का गं ए शेरनी, पैज जिंकून दमली का?” मी हात हलवला. मला वाटलं, माझा आवाज गेल्या वर्षीसारखा परत बाकाखाली पडला.

खेळ सुटल्यावर सरांनी सगळं सामान माझ्या पिशवीत भरून दिलं. शनिवार होता. रविवारी खंडेनवमी, सोमवारी दसरा, मंगळवारी सराव, बुधवारी मॅच. सुट्टीत घरी सराव कर म्हणाले. मी पिशवी खांद्यावर टाकली आणि घरी जायच्या ऐवजी ज्योत्स्नाताईकडं गेले.

तिचं घर विहाराच्या समोर. ती आता अकरावीला, परतूरला जाते. गेल्या वर्षी ती कॅचर होती तेव्हा मी नुसती बॉल आणून द्यायचे आणि तिच्याकडं बघत बसायचे. लागल्यानंतर ती मैदानाकडं फिरकलीच नाही. रस्त्यात दिसली तर आम्हीच नजर चुकवायचो. तिची चूक होती ना, तिला वाईट वाटेल म्हणून.

ती ओट्यावर बसून वडिलांच्या सदऱ्याला बटण लावत होती. अप्पारावकाका पंचायतीत शिपाई आहेत, त्यांना रोज इस्त्रीचा सदरा लागतो. मला बघून ती दचकली, मग खांद्यावरच्या पिशवीकडं बघून आणखी दचकली. नडगीचे गार्ड वरून डोकावत होते.

“बस. आधी हे ओवून दे मला,” म्हणत तिनं सुई-दोरा पुढं केला. “मला दोन सुया दिसतेत. खरी कोणती ते कळंपर्यंत दोरा सुकून जातो.”

मी दोरा ओवला. तिच्या डाव्या गालाचं हाड आत बसलेलं जवळून दिसलं. लांबून कधी दिसलं नव्हतं. आम्ही लांबूनच बघायचो ना.

“ताई, रागवू नको. तू मास्क वर सरकवला होता का?”

तिनं बटणाला शेवटचा टाका घातला. दोरा दातानं तोडला.

“घातला होता. हनुवटीचा पट्टा बी लावला होता. बॉल बॅटला घासून आला आन जाळी आत आली, दैवा. बॉल न्हाई लागला मला. जाळीच लागली. एक सळी तुटून गालात गेली.”

“मंग सर असं का सांगतेत?”

“सरांनी मला जालन्याच्या दवाखान्यात नेलं. तीन दिवस माझ्या आईबरोबर बाकड्यावर बसून राह्यले. मंग म्हणले, ज्योत्स्ना, मास्कमुळं झालं असं शाळेत कळलं तर मुलींची टीम दुसऱ्या दिवशी बंद होईल. मुलांची न्हाई होणार, मुलींची होईल. तुझी चूक झाली म्हणलं तर मिटून जाईल.” ती हसली, पण एकाच गालानं. “मला वाटलं, माझं तर गेलं. तुमचं तरी राहू द्यावं.”

विहारातून लहान पोरांचा एका सुरातला आवाज येत होता. मी विचारलं, “तो मास्क कुठंय आता?”

“सर म्हणले फेकून दिला. डॉक्टरनी त्यांना सांगितलंच होतं माझ्यासमोर. म्हणले, जोराचा मार एकदा खाल्ला की ते सामान संपलं. वरून चांगलं दिसलं तरी आतून संपलेलं असतं. परत वापरायचं न्हाई.” तिनं माझ्या पिशवीकडं मान केली. “तुमचा नवा आहे ना?”

“चंदेरी आहे,” मी म्हणाले.

“माझा काळा होता.”

मला एवढं बरं वाटलं की मी उठून नाचणार होते! काळा होता! फेकला! माझा चंदेरी आहे, म्हणजे वेगळा आहे, माठ-बिठ सगळे माझ्या मनाचे खेळ! मी पिशवी उचलली. तेवढ्यात ती सहज म्हणाली, “माझ्या मास्कची हनुवटीची गादी उसवली होती. आईच्या निळ्या साडीचा दोरा काढून मी शिवली होती. ते बी गेलं फेकण्यात.”

मला घरापर्यंत दम निघाला नाही. वाटेत पाण्याच्या टाकीमागं बसून मास्क बाहेर काढला. हनुवटीच्या गादीवर काळी चिकटपट्टी गुंडाळलेली होती. कायम होती, मी कधी लक्षच दिलं नव्हतं. नखानं टोक उचललं आणि ओढत गेले. एक वेढा. दोन वेढे. तिसऱ्या वेढ्याखाली निळा दोरा दिसला. बारीक, नीटस टाके. एके ठिकाणी दोऱ्याला तपकिरी डाग होता. तो घामाचा नव्हता.

ह्याच गादीवर मी चार महिने हनुवटी टेकवून बसत होते. ह्याच जाळीतून मी मैदान बघत होते आणि मोठ्यानं ओरडत होते, माझ्यासारखी शूर कुणी नाही म्हणून.

सगळ्यात आधी मनात काय आलं सांगू? खरं सांगते, तृप्ती-बिप्ती काही आली नाही मनात. मनात आलं, हे मम्मीला कळता कामा नये. मम्मीनं मला खेळायला पाठवलं ते एकाच अटीवर. “पोरीच्या जातीचं तोंड आहे. तोंडाला खरचटलं तरी खेळ बंद,” असं ती म्हणाली होती. तेव्हा पप्पांनीच समजूत घातली, “अगं द्वारका, लोखंडाची जाळी असती तोंडाला. बैल आला तरी काही होत न्हाई.” मी बोलले तर खेळ संपला. नाही बोलले तर बुधवारी जालन्याच्या मैदानावर, जिल्ह्यातल्या सगळ्यात जोरात फिरवणाऱ्या पोरींच्या बॅटमागं, मी ह्या जाळीत तोंड घालून बसणार.

पट्टी परत गुंडाळली. बोटं चिकट झाली. घरी कुणाला काही बोलले नाही.

दुसऱ्या दिवशी खंडेनवमी. पप्पांचं वाटूर फाट्यावर गॅरेज आहे. मोटारसायकली, पाण्याचे पंप, ट्रॉलीचं वेल्डिंग, सगळं करतात. धर्मराज मिस्त्रीचा सांधा सुटत नाही असं चारही रस्त्यांची माणसं म्हणतात. खंडेनवमीला गॅरेज धुतलं जातं. सगळी हत्यारं धुऊन, तेल पुसून एका पाटावर मांडतात. हातोडे, पाने, पक्कड, वेल्डिंगची पकड. हळदी-कुंकू, झेंडूचं फूल, नारळ. आणि मग दसऱ्यापर्यंत एकाही हत्याराला हात लावायचा नाही. वर्षभर आपल्यासाठी राबतात, एक दिवस त्यांची बसायची पाळी. एकदा खंडेनवमीला शहागडहून कुणी ट्रक घेऊन आला होता, चाक अडकलेलं, हातापाया पडला. पप्पांनी त्याला चहा पाजला, जेवू घातलं, पण पाना उचलला नाही. “आज न्हाई बाबा. आज त्यांचा मान आहे.”

मम्मी पुरणाचा डबा घेऊन आली होती. घरी कुणी उघडू नये म्हणून मी सोबतच आणलेली पिशवी पप्पांनी माझ्या खांद्यावर बघितली.

“अगं, तुझं बी हत्यारच की हे. काढ, ठेव पाटावर. बुधवारी जिंकून यायचंय.”

“नको पप्पा. शाळेचं आहे.”

“शाळेचं तर शाळेचं. देवाला काय शाळा अन् गॅरेज?”

मी नको नको म्हणेपर्यंत मम्मीनं मास्क काढून मोठ्या हातोड्याशेजारी ठेवला. पप्पांनी मास्ककडं नीट बघितलंच नाही, ते उदबत्ती शोधत होते. मम्मीनं सगळ्यांवर पाणी शिंपडलं, हळद वाहिली, कुंकू वाहिलं. मास्कला जरा जास्तच वाहिलं. लेकीच्या तोंडाचा रखवालदार ना! ओल्या जाळीवरून कुंकू ओघळलं, सळ्यांवरून लाल लाल पाणी खाली गेलं आणि मला ते बघवेना. मला ते कुंकू वाटतच नव्हतं.

“पुसते मी,” म्हणून मी फडकं घेतलं. चंदेरी रंगावरून कुंकू लगेच निघालं. वरची सळी स्वच्छ. बाजूची स्वच्छ. मधल्या सळीला, डोळ्याच्या बरोबर खाली, एक गाठ होती जोडाची. तिथं पुसलं. परत पुसलं. फडक्याचं कोरडं टोक थुंकी लावून घासलं. सगळं निघालं, पण गाठीच्या कडेनं केसाएवढी लाल रेघ तशीच राहिली. सळीला पूर्ण वळसा घालून. ती रंगावर नव्हती, रंगाच्या आत होती.

मी ओरडले का काय माहीत नाही. पप्पा उदबत्ती हातात घेऊन जवळ आले.

“काय झालं?”

“रेघ जाईना, पप्पा.”

त्यांनी मास्क हातात घेतला, उजेडाकडं धरला. आणि मी त्यांचा चेहरा बदलताना बघितला. गिऱ्हाइकाची गाडी बघताना ते असे गप्प होतात, इंजिन गेलंय हे कळल्यावर आणि सांगायच्या आधी.

“ही जाळी...” ते म्हणाले. “ही मीच जोडली.”

“काय?”

“गेल्या साली उफाडे सरांनी आणल्ती. काळी होती तेव्हा. मधली सळी तुटून आत वळल्ती. म्हणले, मैदानावर पडली होती, ट्रॉलीचं चाक गेलं वरून. मी तापवून सरळ केली, सांधली, वरून चंदेरी रंग मारला. पैसे बी घेतले न्हाई. शाळेचं काम म्हणलं.” त्यांनी जोडाच्या दोन्ही बाजूंना अंगठे लावले आणि हळूच दाबलं. लाल रेघ उघडली. सोडलं, मिटली. परत दाबलं, परत उघडली. अगदी बारीक ओठ असावेत तशी. “जोड सुटला न्हाई. जोडाच्या शेजारचं लोखंड गेलंय. तापवलेलं लोखंड मार खाऊन खाऊन तिथंच तडकतं.”

मग मी सगळं सांगितलं. कालचा आवाज, ज्योत्स्नाताईची सुई, निळा दोरा, सगळं. सांगताना चिकटपट्टी सोडून टाके पण दाखवले. मम्मी पुरणाचा डबा हातात धरून उभी होती. तो तिनं खाली ठेवला आणि गादीवरच्या तपकिरी डागावर बोट ठेवलं.

“म्हंजे अप्पारावच्या पोरीच्या गालात गेली ती हीच?” मम्मीनं विचारलं.

पप्पांनी जाळी उलटी करून ते निळे टाके परत बघितले.

“हीच तुमची लोखंडाची जाळी? बैल आला तरी काही होत न्हाई ती?”

“मला काय माहीत होतं, द्वारका? ट्रॉलीखाली आली म्हणले.”

“विचारायचं तरी! पोरीच्या तोंडावर जाणारी वस्तू आहे!” मग ती माझ्याकडं वळली. तिचा आवाज एकदम खाली आला, आणि मला त्याचीच जास्त भीती वाटली. “बास झालं. खेळ बंद. मंगळवारी हे सगळं सामान शाळेत देऊन यायचं आन सांगायचं, मला जमत न्हाई. पुढं एक शब्द न्हाई.”

पप्पा जाळीकडंच बघत होते. “एवढं एकदम बंद नको करू,” ते म्हणाले, मम्मीला की स्वतःला ते कळलं नाही. “उद्या हत्यारं उठली की मी पक्की करून देतो. ही सळीच काढून नवी जाड सळी घालतो. दुहेरी टाका मारतो. मंग बघू कशी तडकती.”

“पप्पा, न्हाई.”

“अगं, माझ्या हातचं काम—”

“पप्पा, ताईला डॉक्टर म्हणले, एकदा मार खाल्ला की ते संपलं. तुम्ही कितीबी चांगलं सांधलं तरी. तुमचा जोड न्हाई सुटला, खरंय. पण शेजारचं लोखंड गेलंच ना?”

धर्मराज मिस्त्रीला असं कुणी बोललं नव्हतं. मला माझंच बोलणं ऐकू येत होतं, आणि ते बाकाखाली पडत नव्हतं.

पण खोटं कशाला सांगू, मी डोळ्यासमोर मंगळवार बघत होते. मी सामान परत दिलंय. ‘जमत नाही’ म्हणालेय. सर म्हणतायत, “तृप्ती आहे तयार.” आणि तृप्ती हसत हसत येतेय, मास्क तिच्या डोक्यावर गरकन फिरतोय, सर रुमालाच्या एकाऐवजी दोन घड्या घालून तो बसवतायत. बुधवारी कुणाची तरी बॅट घासते. टच्च. त्यानंतर शाळेत सगळ्यांना माहीत असेल की चूक तृप्तीची होती. आणि मी नजर चुकवून रस्त्यानं जाईन, तिला वाईट वाटेल म्हणून.

सरांना नुसतं सांगून काय होणार? त्यांना माहीतच होतं. काल फक्कीचा ढीग झाला तेव्हाच मला कळायला पाहिजे होतं.

पाटावर मोठा हातोडा होता, कुंकवाचा टिळा लावलेला, दांड्यावर झेंडूचं फूल. पप्पांच्या बापापासूनचा. खंडेनवमीला कधी हललेला नाही. मी त्याच्यासमोर जाऊन उभी राहिले. टाचा जमिनीत रोवल्या, बॉल यायच्या आधी रोवते तशा.

“काय करती दैवा?” मम्मी म्हणाली.

“मम्मी, पप्पा, दोघं बी ऐका. मधी बोलू नका, न्हाईतर माझा दम जाईल.” मी मास्क पप्पांच्या हातातून घेतला आणि बाहेरच्या दगडी पायरीवर ठेवला. “आज हत्यार हलवायचं नसतं, मला माहीत आहे. पूजेतली वस्तू फोडू नये, ते बी माहीत आहे. पाप लागलं तर मला लागू दे. पण हा हातोडा मी आत्ता उचलणार आन ही जाळी फोडणार. अशी फोडणार की कुणीच, पप्पा, तुम्ही सुद्धा, परत सांधू शकणार न्हाई. मंगळवारी तुकडे घेऊन मी सरांकडं जाणार आन सगळ्या टीमसमोर सांगणार की ज्योत्स्नाताईनं मास्क घातला होता. माझ्या मापाचा नवा मास्क आला तर मी खेळणार. मम्मी, तेव्हा तू मला अडवायचं न्हाई, तूच तो माठासारखा वाजवून घ्यायचा. आन न्हाई आला, तर बुधवारी कॅचरच्या जागी कुणीच बसणार न्हाई. मी न्हाई, आन तृप्ती तर बिलकुल न्हाई.”